बाबांना लिव्हर कॅन्सर, आम्ही दोघे भाऊ हिपॅटायटिस बी: हा जनुक चाचणीचा रिपोर्ट कसा वाचायचा?

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

बाबा ५८व्या वर्षी गेले. लिव्हर कॅन्सर. निदान झाल्यापासून चार महिनेसुद्धा मिळाले नाहीत. दारू नाही, तंबाखू नाही. त्यांची फाईल आई अजून साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून कपाटात ठेवते. त्यात एचबीएसएजी (रक्तातली हिपॅटायटिस बीची खूण) पॉझिटिव्ह असं स्पष्ट लिहिलंय, पण तेव्हा आम्हाला त्याचा अर्थ कोणी सांगितला नाही आणि आम्हीही विचारला नाही.

माझं २००९ला कळलं. दोह्याच्या नोकरीसाठी मुंबईत मेडिकल केलं आणि 'अनफिट'चा शिक्का घेऊन रात्रीच्या गाडीने चिपळूणला परत आलो. थोरल्या भावाचं नंतर रक्तदान शिबिरात कळलं. तो आता ४६चा, गेली पाच वर्षं टेनोफोविर (विषाणू दाबून ठेवणारं औषध) घेतो. मी ४१, मला औषध चालू नाही, डॉक्टर म्हणतात विषाणू झोपलेला आहे, वर्षातून दोनदा दाखवा. दोनदा जातोच असं नाही, खोटं कशाला बोलू. धाकटी बहीण निगेटिव्ह.

आता मुद्दा. मित्राच्या सांगण्यावरून एका कंपनीची लाळेची जनुक चाचणी केली. पैसे चांगलेच मोजले. बत्तीस पानी रंगीत रिपोर्ट आला. त्यात 'लिव्हर कॅन्सर: धोका सरासरीपेक्षा जास्त' असं लाल पट्टीत, आणि खाली तीन जनुकांची नावं: केआयएफ१बी, स्टॅट४, पीएनपीएलए३. तीन रात्री झोप नाही. बाबांची खोड रक्तातून आमच्यात उतरली आहे का? माझी मुलं ११ आणि ७ वर्षांची आहेत. त्यांचीही चाचणी करावी का?

मुळा_मुठा

वाचतोय. जाणकारांनी लिहा. वाशिष्ठीकाठ, झोप उडवून घेऊ नका हो, लाल पट्टी छापायला शाईच लागते.

पेट्रीडिश

आधी सांगते, मी डॉक्टर नाही. आयुष्य रक्तपेढीत आणि पुढे विषाणूंच्या लॅबमध्ये गेलं. औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. रिपोर्टचं मात्र बोलू शकते.

केआयएफ१बी पासून सुरू करू, कारण त्याची गोष्ट मजेशीर आहे. २०१०मध्ये चिनी संशोधकांनी दक्षिण चीनमधल्या गुआंग्शीतून हिपॅटायटिस बीचे जुने वाहक, म्हणजे ज्यांच्या अंगात विषाणू मुक्काम करून आहे असे लोक, घेतले. ३५५ कॅन्सर झालेले, ३६० न झालेले. दोन्हीकडे विषाणू आहेच, त्यामुळे फरक पडला तर तो माणसाच्या जनुकात शोधायचा, अशी चांगली मांडणी होती. सगळा जीनोम चाळला आणि पहिल्या गुणसूत्रावर केआयएफ१बी मध्ये एक अक्षर (डीएनएतला एका जागेचा फरक) सापडलं. पुढे चीनमधल्याच आणखी गटांत तपासलं, तिथेही जुळलं. धोका साधारण दीडपटीच्या थोडा वर. मोठ्या नियतकालिकात आलं, गाजलं.

मग २०१२मध्ये जपान, कोरिया आणि हाँगकाँगच्या पेशंटांत तेच अक्षर तपासलं. काहीही संबंध दिसला नाही. शेजारचे देश, तोच आजार, आणि खूण गायब. तुमच्या रिपोर्टमध्ये लाल पट्टी आहे ती या अक्षराच्या जोरावर. चिपळूणच्या माणसाला ती कशी लागू पडते, हे त्या कंपनीला विचाराच.

स्टॅट४ जरा बरं आहे. २०१३मध्ये आलं, त्याबरोबर एचएलए-डीक्यू या प्रतिकारशक्तीच्या जनुकांच्या भागातलंही एक अक्षर आलं. पण आकडे बघा: स्टॅट४चा धोका सुमारे १.२ पट, एचएलएचा १.५ पट. पुन्हा अभ्यास चीनमधलेच.

पीएनपीएलए३ तर वेगळ्याच घरचं जनुक. २००८मध्ये अमेरिकेत डॅलसच्या अभ्यासात ते फॅटी लिव्हरशी जोडलं गेलं. त्या प्रथिनाच्या १४८व्या जागी आयसोल्युसिनऐवजी मेथिओनिन येतं आणि यकृतातली चरबी हलेनाशी होते. चरबी किंवा दारू जोडीला असेल तर त्याचं खरंच वजन पडतं. म्हणजे त्या रिपोर्टमधली तुमच्या उपयोगाची ओळ ही एकच, आणि तिचा अर्थ एवढाच की पोट सुटू देऊ नका, दारूला हात लावू नका. ते तुमच्या डॉक्टरांनी फुकटात सांगितलं असेल.

आता दीडपट आणि सव्वापट कशाच्या शेजारी ठेवायचे ते सांगते. तैवानमध्ये ३,६५३ वाहकांवर सरासरी ११ वर्षं नजर ठेवली होती, निष्कर्ष २००६मध्ये आले. सुरुवातीला ज्यांच्या रक्तात विषाणूच्या मिलिलिटरला ३००पेक्षा कमी प्रती होत्या, त्यांच्यात कॅन्सरचं प्रमाण १.३ टक्के. दहा लाख किंवा जास्त प्रती होत्या त्यांच्यात १४.९ टक्के. अकरापटीचा फरक! आणि तो आकडा औषधाने खाली आणता येतो. जनुक काय खाली आणणार?

भावाचं टेनोफोविर चालू आहे म्हणून त्याच्यासाठी कॅन्सरच्या धोक्याचा एक साधा हिशेब. पेज-बी म्हणतात. वय, स्त्री की पुरुष, आणि प्लेटलेट, बस्स. त्याच्या प्लेटलेट किती?

आणि हो, एक प्रश्न राहिला. आईंची टेस्ट केली आहे का?

वाशिष्ठीकाठ

ताई, खूप आभार. भावाच्या प्लेटलेट १ लाख ६० हजार.

आईची नाही केली. तिला काही त्रास नाही. आणि आजार तर बाबांचा होता.

पेट्रीडिश

४६ वय म्हणजे ४, पुरुष म्हणून ६, प्लेटलेट एक ते दोन लाखांच्या मधे म्हणून ६. एकूण १६. नऊपर्यंत कमी धोका, १० ते १७ मध्यम, १८पासून वर जास्त. हिशेब युरोपातल्या, औषध चालू असलेल्या पेशंटांवर बसवलेला आहे, त्यामुळे तुम्हाला तसाच लावू नका. पण बघा, साध्या सीबीसीवर, नेहमीच्या रक्ततपासणीवर, काम भागलं.

आईंची टेस्ट करा. उद्याच. का ते रिपोर्ट आल्यावर सांगते.

झाडपाला

भुईआवळ्याबद्दल कोणीच कसं बोललं नाही? आमच्याकडे काविळीला पिढ्यान् पिढ्या देतात. माझ्या चुलत्याची कावीळ आठ दिवसांत उतरली.

पेट्रीडिश

झाडपाला, चुलत्यांची कावीळ बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई असेल. ती आपली आपण उतरते आणि श्रेय झाडाला मिळतं.

पण तुम्ही नाव काढलंत ते झाड साधं नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू ज्यांच्यामुळे हाती लागला त्या बरूच ब्लुमबर्गनीच त्यावर काम केलं होतं. १९६०च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना अनोळखी प्रथिन सापडलं. त्याचं नाव पडलं 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन', आपण ज्याला एचबीएसएजी म्हणतो तेच. १९७६चं नोबेल त्यांना मिळालं. गंमत म्हणजे ते विषाणू शोधत नव्हते. वेगवेगळ्या लोकांच्या रक्तातली प्रथिनं जन्मतःच कशी वेगळी असतात, म्हणजे या धाग्याचाच विषय, त्याचा माग काढत होते.

तर १९८८मध्ये चेन्नईच्या मंडळींबरोबर त्यांचा अभ्यास आला. भुईआवळा दिलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांचा अँटिजेन गेला, औषध नसलेली नुसती पूड दिलेल्या २३ जणांपैकी एकाचाच. सगळं जग थक्क! मग थायलंडमध्ये आणि इतरत्र करून पाहिलं, तसं काही होईना. केआयएफ१बीसारखंच. एका जागी चमकलं, दुसऱ्या जागी विझलं.

झाडपाला

असेल. तरी आमच्या परसात आहे तो उपटणार नाही.

मुळा_मुठा

नका उपटू. टेनोफोविर बंद करून खाऊ नका म्हणजे झालं. औषध मधेच सोडलं की विषाणू उसळतो आणि लिव्हर एकदम बसू शकतं, हे जवळच्या नात्यात पाहिलंय.

सिंचूकर

तैवानचा विषय निघाला म्हणून लिहितो. चिपच्या कारखान्यात नोकरी, सात वर्षं इथे आहे. हिपॅटायटिस बीला इथे 'राष्ट्रीय रोग' म्हणत, आणि कोणी लपवत नाही याचं मला पहिल्यांदा फार नवल वाटलं. घरमालकीणबाई, साठीच्या पुढच्या, जेवता जेवता सांगतात की मी बी वाहक, माझे दोन भाऊ लिव्हरने गेले, पुढच्या गुरुवारी सोनोग्राफी आहे, कचऱ्याची गाडी आली तर तेवढी माझी पिशवी दे. आपल्याकडे शुगरबद्दल बोलतात तसं.

विषाणू आणि कॅन्सर यांचं नातं पक्कं झालं तेही इथेच. २२,७०७ सरकारी नोकरदार पुरुषांची रक्तं तपासून नुसती वाट पाहिली. १९८१पर्यंत लिव्हर कॅन्सरने ४१ जण गेले, त्यातले ४० वाहक. २२३ पट धोका! पेट्रीडिश ताईंच्या सव्वापटीच्या शेजारी हा आकडा ठेवा. १९८४च्या जुलैत नवजात बाळांची लस सुरू झाली आणि ६ ते १४ वयाच्या मुलांतलं लिव्हर कॅन्सरचं प्रमाण लाखाला ०.७० होतं ते ०.३६वर आलं. ताईंनी सांगितला तो ३,६५३ जणांचा अभ्यास ज्यांनी चालवला ते चेन चिएन-जेन पुढे देशाचे उपराष्ट्राध्यक्ष आणि मग पंतप्रधान झाले. साथरोगतज्ज्ञ पंतप्रधान, कल्पना करा.

अण्णा_सोलापूर

आम्ही शेंगदाण्याची चटणी खाणारी माणसं, म्हणून एक विचारतो. बुरशीच्या दाण्याने लिव्हरचा कॅन्सर होतो म्हणतात ते कितपत खरं?

पेट्रीडिश

अण्णा, पूर्ण खरं. अफ्लाटॉक्सिन. आणि इथे जनुकाची खरी गोष्ट येते, फक्त ती आईबापाकडून आलेल्या जनुकाची नाही.

शांघायमध्ये १८,२४४ पुरुषांच्या लघवीचे नमुने ठेवून अभ्यास केला. नुसतं अफ्लाटॉक्सिन असेल तर धोका सुमारे साडेतीनपट, नुसता विषाणू असेल तर सातपटीच्या वर, दोन्ही असतील तर जवळपास ६० पट. नुसती बेरीज होत नाही, गुणाकाराच्याही पुढे जातं. १९९१मध्ये चीनमधल्या चीतुंग भागातल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गाठी तपासल्या तेव्हा दिसलं की पी५३ नावाच्या जनुकाच्या २४९व्या जागी पुन्हापुन्हा तोच बदल आहे, डीएनएतल्या जी या अक्षराचा टी झालेला. एखाद्या चोराने प्रत्येक घराची तीच कडी तोडावी तसं. हा बदल जन्मतः नसतो, विषाने यकृतातच केलेला असतो. लाळेच्या चाचणीत तो दिसणारही नाही. पुस्तकातली छापील चूक वेगळी आणि वाचताना सांडलेला चहाचा डाग वेगळा.

विषाणूही असाच डाग पाडतो. त्याचा सगळा पसारा जेमतेम ३,२०० अक्षरांचा, पण तो आपले तुकडे आपल्या डीएनएत घुसवून ठेवतो, पुष्कळदा टर्ट नावाच्या जनुकाच्या दाराशी. म्हणून हिपॅटायटिस बीमध्ये सिरॉसिस (यकृत निबर होणं) न होताच कॅन्सर होऊ शकतो. आणि विषाणूच्या स्वतःच्याही जाती आहेत. तैवानमध्ये 'सी' जात 'बी' जातीपेक्षा जास्त वाईट निघाली, आपल्याकडे मुख्यतः 'डी' आणि 'ए'. कुठली जात, त्यात १७६२ आणि १७६४ या जागी बदल झालाय का, याला तुमच्या तीन जनुकांपेक्षा जास्त वजन आहे. कंपनीने विषाणूचा जीनोम बघितलाच नाही, माणसाचा बघितला.

दाण्याचं म्हणाल तर खवट, काळपट, सुरकुतलेला दाणा निवडून फेका. भाजल्याने विष पूर्ण जात नाही. १९७४मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बांसवाडा-पंचमहाल भागात भिजलेल्या मक्याने शंभरावर माणसं दगावली होती, बहुतेक आदिवासी. कणसांवर अवेळी पाऊस पडला आणि खायला दुसरं काही नव्हतं.

अण्णा_सोलापूर

धन्यवाद. आमच्या हिने आत्ताच अर्धा किलो दाणे ताटात पसरलेत, चष्मा लावून निवडतेय. रात्रीचे साडेदहा झालेत.

कुशंका

पेट्रीडिश, म्हणजे माणसाच्या जनुकांचा अभ्यास सगळा फुकट? वंशानुगत काहीच नाही? मग एकाच घरात चार-चार जण कसे जातात?

पेट्रीडिश

फुकट कसा म्हणेन. कॅन्सरचं भाकीत करण्यात तो अजून कच्चा आहे, पण विषाणू कोणाकडे मुक्काम करतो हे त्याने छान उलगडलं. २००९मध्ये जपानमध्ये एचएलए-डीपीच्या भागात दोन अक्षरं सापडली, ती ज्यांच्याकडे एका प्रकारची असतात त्यांच्यात जुनाट हिपॅटायटिस बी कमी. हे निष्कर्ष थायलंडमध्येही जुळले. एचएलए म्हणजे शत्रूचा तुकडा पहारेकऱ्यांना दाखवणारा हात. तो हात तुकडा नीट धरू शकला तर विषाणू हाकलला जातो. दुसरं म्हणजे विषाणू यकृतात शिरतो ते दार, एनटीसीपी, २०१२मध्ये बीजिंगमध्ये ओळखलं गेलं. पूर्व आशियातल्या काही लोकांत त्या दारात एक बदल असतो, २६७व्या जागी, आणि त्यांना जुनाट आजार कमी होतो. त्याच दाराला अडसर घालणारं औषध आता हिपॅटायटिस डी या वेगळ्या विषाणूवर वापरतात.

एकाच घरात चार जण याचं उत्तर वाशिष्ठीकाठ यांच्या पुढच्या प्रतिसादात येईल असं मला वाटतंय.

वाशिष्ठीकाठ

पाच दिवस इथे आलो नाही, माफ करा.

आईला लॅबमध्ये नेलं. 'मला कशाला, माझा रक्तगट बी पॉझिटिव्हच आहे, सगळ्यांना माहीत आहे' असं म्हणत होती. अर्धा तास समजावलं की ते बी वेगळं आणि हे बी वेगळं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. प्लेटलेट १ लाख ५ हजार. सोनोग्राफीत 'कोअर्स इकोटेक्स्चर', म्हणजे यकृत खरबरीत दिसतंय, असं लिहिलंय. गाठ नाही.

मग ती बोलायला लागली. तिचा भाऊ, आमचा मामा, १९९४ला पोटात पाणी होऊन गेला. तो प्यायचा म्हणून सगळ्यांनी दारूवर घातलं. आजीही 'काविळीनेच' गेली होती. मावशीला फोन केला, तिने कालच टेस्ट केली. पॉझिटिव्ह.

म्हणजे मी इतकी वर्षं बाबांची खोड म्हणत होतो ती...

पेट्रीडिश

हेच विचारायचं होतं. प्रौढ वयात लागण झाली तर शंभरातल्या पाचांपेक्षाही कमी लोकांत ती टिकते. बाळंतपणात बाळाला झाली तर ९० टक्के टिकते. म्हणून आईंचा आजार बाबांकडून आला असण्याची शक्यता कमी. तो आजीकडून आईंना, मामांना, मावशींना, आणि आईंकडून तुम्हा दोघांना आला असावा. बाबांचा बहुधा त्यांच्या घरचा. बाहेरून बघितलं तर हे हुबेहूब आनुवंशिक दिसतं, आजी, आई, मुलगा. पण पिढ्यांमधून चालत आला तो विषाणू.

कुशंका, तुमचाही मुद्दा आहेच. विषाणू सारखाच असला तरी ज्या वाहकाच्या सख्ख्या नात्यात लिव्हर कॅन्सर आहे त्याचा धोका साधारण दुप्पट भरतो. त्यात जनुकं असतील, एकत्र खाल्लेलं अन्न असेल, एकाच वयात झालेली लागण असेल. म्हणजे वाशिष्ठीकाठ, तुमच्या बाबांची ती पिशवीतली फाईल त्या बत्तीस पानी रिपोर्टपेक्षा जास्त सांगते. डॉक्टरांना ती दाखवा. नात्यात कॅन्सर आहे हे कळलं की वयाची वाट न बघता सहा महिन्यांची सोनोग्राफी लावतात, एएफपी या रक्ततपासणीसह. शांघायमध्ये १८,८१६ जणांत अशी सहामाही तपासणी करून बघितली, लिव्हर कॅन्सरचे मृत्यू ३७ टक्क्यांनी घटले. तुम्ही 'दोनदा जातोच असं नाही' लिहिलंत ना, त्यावर मी तेव्हा मुद्दाम बोलले नाही. आता रागावते.

बहिणीची कोअर अँटिबॉडी करा, लागण होऊन गेली की झालीच नाही ते कळेल. बायकोची आणि मुलांची टेस्ट झाली आहे?

वाशिष्ठीकाठ

मुलांना जन्मल्या जन्मल्या लस दिली होती, कार्ड आहे. टेस्ट नाही केली, सोमवारी करतो. बायकोची लग्नानंतर केली होती, निगेटिव्ह, तीन डोस झालेत.

सह्याद्री_नर्स

जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २८ जुलै २०१८पासून राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रम आहे, त्यात उपचार केंद्रांवर तपासणी आणि टेनोफोविर मोफत आहे. आईंना आणि मावशींना तिथे नोंदवा. आम्ही रोज बघतो, पेशंट एकटा येतो, घरच्यांना घेऊन या म्हटलं की पुढच्या वेळी येतच नाही. (अवांतर: २८ जुलै हा ब्लुमबर्ग यांचा वाढदिवस.)

वाशिष्ठीकाठ

मुलं दोघंही निगेटिव्ह!! अँटिबॉडी थोरल्याची चांगली आहे, धाकटीची कमी आलीय, डॉक्टर म्हणाले एक बूस्टर देऊ.

बहिणीची कोअर अँटिबॉडी पॉझिटिव्ह. म्हणजे तिलाही झाली होती आणि तिने ती हाकलली. तिला फोनवर सांगितलं तर म्हणते, 'माझे पहारेकरी तुमच्यापेक्षा बरे.' धागा वाचतेय म्हणजे.

त्या कंपनीचा फोन आला होता. माझा धोका जास्त आलाय म्हणून कुटुंबासाठी फॅमिली पॅकवर २० टक्के सूट. मी म्हटलं आमच्या फॅमिलीचं झालं सगळं.

आईचा शनिवारी फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते बघतात) आहे, नऊची वेळ. उपाशीपोटी न्यायचं का? तिला सकाळी चहाशिवाय चालत नाही.

सह्याद्री_नर्स

निदान तीन तास आधी काही नको. सहाच्या आत चहा द्या, आणि त्यांना बिस्किटं डबीत बरोबर घेऊ द्या.